प्रेरणाच्या खोलीतला कापूस

९ नोव्हेंबर २०२५

भरली! प्रेरणाची खोली आज आढ्यापर्यंत भरली — कापसानं. खिडकी दिसेना. फळीवर तिची शाळेतली ढाल होती, तीही आत गाडली गेली.

लेकीला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, आणि घरात खोल्या दोन. ह्यांना म्हटलं, विकून टाका. "भाव येऊ दे."

भाव! अमेरिकेनं आपल्या कपड्यावर कर लादला, गिरण्या हबकल्या. मग त्यांना स्वस्त पडावा म्हणून सरकारनं बाहेरच्या कापसावरचा कर डिसेंबरअखेरपर्यंत काढला. बाहेरचा आला, आमचा पडला. त्यात आमचा सप्टेंबरच्या पावसानं डागी झालेला, हमीभावालाही बसत नाही. हे दिवसभर मोबाईलवर अमेरिकेच्या बातम्या बघतात. शेजारच्या बांधावर काय चाललंय ते माहीत नसतं, वॉशिंग्टनचं सगळं पाठ!

१४ नोव्हेंबर

शहरात जाऊन औरंगपुऱ्याच्या बाजारातून डिंक, खारीक, अळीव आणलं. दुकानदारानं विचारलं, "मावशी, बाळंतीण कुठंय?" म्हटलं, येतेय.

जावई ऋतुराज चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. हे बसमध्येही अनोळखी माणसाला सांगत होते, "आमच्या जावयाचा माल थेट अमेरिकेला जातो!" एकीकडं अमेरिकेला शिव्या, एकीकडं हा तोरा.

२० नोव्हेंबर

हात लाल, गळ्यापर्यंत खाज. साठवलेल्या कापसातले किडे. डॉक्टर म्हणाले, असल्या घरात तान्हं बाळ आणू नका.

ह्यांना दाखवलं. खोबरेल लावून दिलं, अगदी हळू. पण वर तेच — "एकतीस डिसेंबरला ती कराची सूट संपती. जानेवारीत बघ तू."

जानेवारीत माझं नातवंड येणार आहे!

२३ नोव्हेंबर

प्रेरणाचा फोन. "आई, खोली रिकामी झाली का गं?" होईल म्हटलं. "मी किती दिवस राहू?" म्हटलं, वेडे, सव्वा महिना तरी, आणि पुढंही मी सोडणार नाही! ती हसली नाही. दमली असेल.

मला ती हवी आहे. अंगणात केस वाळवत बसलेली, माझ्या ताटातली भाकरी पळवणारी, "आई, तुला काय कळतं" म्हणणारी. लग्नाला दोन वर्षं झाली, पण धड आठवडाभर कधी राहिली नाही. आली की निघायचीच घाई. घरात तिचा आवाज नाही, म्हणून मी एकटीच भांड्यांशी बोलते.

१ डिसेंबर

आठवा लागला. आठव्यात लेकीला आणत नाहीत. गेली संधी.

शेजारची भामाबाई विचारून गेली, "कवा आणता पोरीला?"

म्हटलं, "अमेरिकेला इचारून सांगते!" ती हसली, मला रडू आलं.

४ डिसेंबर

जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलं. मऊ झालंय. ठेवू कुठं? कापसावर!

६ डिसेंबर

काल प्रेरणानं फोन केला तो ह्यांना. हे बांधापर्यंत चालत गेले बोलत. मला दिला नाही! परत आले नि भाकरी अर्धी टाकली.

आज सकाळी दारात पिकअप. "भरा रं."

मी म्हटलं, "आन भाव?"

"जाऊ दे भाव."

फुलंब्रीच्या व्यापाऱ्यानं दिला तो पदरात घेतला. वर्षाची मेहनत दुपारपर्यंत गेली. महिनाभर मी ओरडले ते ऐकलं नाही, लेकीच्या एका फोनवर विरघळले! राग आला, पण आनंदच जास्त झाला. नवव्यात का होईना, येणार!

७ डिसेंबर

खोलीत कडुनिंबाचा धूर केला, भिंतींना चुना दिला. खिडकी उघडली. ढाल सापडली, पुसून फळीवर ठेवली.

हे म्हणाले, "फळी मोकळीच ठेव. लागंल." कशाला ते सांगेनात.

१० डिसेंबर

प्रेरणा आली. आठव्यातच.

मागून टेम्पो — कपाट, शेगडी, मिक्सर, सगळा संसार. ऋतुराज मान खाली घालून उतरवत होता. अमेरिकेच्या ऑर्डरी थांबल्या, त्याला गेल्या महिन्यातच कामावरून कमी केलं. भाड्याची खोली सोडली. ह्यांना त्या फोनवरच कळलं होतं.

लेक घरी यावी, एवढंच मागत होते मी. आली. किती दिवस राहू, असं आता ती विचारत नाही.