हॉलमधलं खारं पाणी

मामा,

काल समोरच्या नव्या टॉवरमधली एक बाई तुमची टाकी बघायला आली होती. तीच, हॉलमध्ये दारासमोर ठेवलेली सहा फुटी काचेची टाकी, जिच्यात तुम्ही आख्खा समुद्र भरला होता. तिच्या नवऱ्याने घरात तशीच एक बसवून घेतली आहे, छोटी. खारं पाणी, दोन केशरी मासे, प्रवाळाचे चार तुकडे. "ताई, दुकानवाला बोलला रोज पाणी टेस्ट करा. खरंच रोज करायचं का? मेरा तो आधा दिन उसी में जाता है," ती म्हणाली. मी तिला बसवलं, चहा दिला आणि सांगत सुटले. टाकी नवी आहे तोवर एक दिवसाआड तपासायचं. पाणी स्थिरावलं की आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. तापमान आणि खारटपणा मात्र येताजाता बघायचा. एखादा आकडा वाकडा दिसला तर लगेच औषधाची बाटली उचलायची नाही, आधी पुन्हा तपासायचं, कारण पाण्यापेक्षा आपला हात जास्त वेळा चुकतो. सांगता सांगता लक्षात आलं की मी तिच्याशी बोलतच नाहीये, तुमच्याशी भांडतेय. मग तिने साधाच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे कधी काही मेलं का?" मी म्हटलं, "माझ्या हातून नाही. सासऱ्यांच्या हातून एक मोठं प्रवाळ गेलं होतं." तिच्यापुढे बिस्किटं सरकवत, सहज म्हटलं. म्हणून आज लिहायला बसले आहे.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मला तुमची आठवण येते, पण श्राद्धाला जमलेली माणसं म्हणतात तशी नाही. दुखऱ्या दाताची येते तशी येते. खारबावहून या काल्हेरच्या घरात आले तेव्हा माझ्या पेटीत चार साड्यांच्या खाली केमिस्ट्रीची डिग्री होती आणि लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच मानकोलीच्या बाजूच्या एका पाणी तपासणाऱ्या लॅबचं पत्र आलं. मी लग्नाआधी अर्ज केला होता. ते पत्र तुम्ही उघडलंत. माझ्या नावाचं पत्र, मामा. उघडलंत, हात लांब धरून वाचलंत, घडी घातलीत आणि जेवणाच्या ताटाखाली ठेवलंत. "आमची सून ड्युटीला जानार? गावान तोंड दाखवाचं हाय का न्हाय?" तुमचा मुलगा पेपर वाचत होता. पेपर उलटा धरलेला असता तरी त्याने तो त्या दिवशी वाचला असता. मी धीर करून म्हटलं की नुसतं पाणीच तर तपासायचं असतं, एसी खोलीत बसून. तेव्हा तुम्ही हसलात. "पानीच तपासाचं हाय ना तुला? मंग घरान तपास." आणि टाकीकडे बोट दाखवलंत. त्या बोटावर मेथीचा रस्सा लागलेला होता, तो मला आजही दिसतो.

दुसऱ्या दिवसापासून माझी ड्युटी लागली. सकाळी सातला एकदा, संध्याकाळी सातला एकदा. पाच मिली पाणी घ्यायचं, त्यात रंगाचे दोन थेंब टाकायचे, मग सिरिंजमधून आम्लाचा एकेक थेंब सोडत राहायचं, निळ्याचं गुलाबी होईपर्यंत. प्रवाळ आपला सांगाडा ज्याच्यातून बांधतं ते पाण्यात किती शिल्लक आहे, हे त्यावरून कळतं. त्याला अल्कलिनिटी म्हणतात हे तुम्हाला मीच सांगितलं होतं आणि आठवड्याभरात तुम्ही तो शब्द पाहुण्यांना असा ऐकवायला लागलात की जणू मिठाच्या आगरातच पिकला होता. आकडा आठ-नऊच्या मध्ये राहिला की सगळं ठीक. तो मी फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहायचा आणि तो बघून तुम्ही बाटलीतलं औषध टाकीत ओतायचं. सकाळी आकडा थोडा जास्त येतो, संध्याकाळी थोडा कमी, हा दिवसाचा नियमच आहे. पण तुम्ही संध्याकाळी कमी म्हणून ओतायचात आणि सकाळी जास्त म्हणून घाबरून पाणी बदलायला लावायचात. एकदा मी म्हटलं, "मामा, इतकं तपासून आणि इतकं ओतूनच ती मरतील. आठवड्यातून एकदा पुरे." तुम्ही टाकीत बोट बुडवून जिभेला लावलंत. "माझे बापाने खाडीव मिठागर चालवला. आमी जिभेवं पानी वलखतो. तू मना शिकवतेस?" ते मिठागर बुजवून त्यावर गोडाऊन उभी राहिली होती आणि तुमच्या समुद्राचं मीठ परदेशातून बादलीत भरून येत होतं. हे मी बोलले नाही. तेव्हा मी बरंच काही बोलत नसे.

तुमचा खरा खेळ पाहुणे आले की सुरू व्हायचा. कुणी गोडाऊनवाला आला, कुणी पुढारी आला, की त्यांना सोफ्यावर बसवून तुम्ही मला हाक मारायचात आणि सगळ्यांसमोर माझी तपासणी पुन्हा तपासायचात. टाकीच्या निळ्या दिव्याखाली बाटली धरून रंग बघायचात. निळ्या दिव्यात गुलाबी कधी नीट दिसतच नाही, खिडकीपाशी जाऊन बघावं लागतं. त्यामुळे तुमचा आकडा माझ्या आकड्याशी कधीच जुळायचा नाही. "बगा, बीएस्सी हाय आमची सून. पन आकडा चुकवते." पाहुणे हसायचे. एक जण तर म्हणाला होता, "भाऊ, भाकऱ्या तरी येतात ना?" आणि तुम्ही मांडीवर थाप मारून हसला होतात. खिडकीची गोष्ट मी तुम्हाला एकदा सांगितली, तुम्ही ऐकली नाहीत. मग सांगणं सोडून दिलं. चुकीचा रंग बघून तुम्ही चुकीचं ओतत राहिलात आणि मी तुम्हाला चुकू दिलं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसं चाललं होतं. दिवाळीत जावेला पैठणी दिलीत आणि मला फॉस्फेट तपासायचं नवं किट. वर म्हणालात, "इंपोर्टेड हाय." मला वाटतं तुम्हाला ती खरोखरच भेट वाटत होती. त्याचाच जास्त राग येतो.

आता त्या जांभळ्या प्रवाळाबद्दल. तुमचा जीव कशावर होता असेल तर त्याच्यावर. बोटाएवढं आणलं होतंत, चार वर्षांत परातीएवढं झालं. दुपारचं जेवण झालं की खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसायचात, त्याच्याशी काहीबाही बोलायचात. घरातल्या एकाही माणसाशी त्या आवाजात बोललेलं मी ऐकलं नाही. त्याच वर्षी तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दुपारी घरातला फोन वाजला. मी स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होते, हात बरबटलेले, म्हणून तुम्ही उचललात. "कोन? लॅबमधून? न्हाय, ती आता न्हाय करनार. तिचं मन न्हाय." आणि फोन ठेवलात. त्या लॅबला चार वर्षांनंतरही माझं नाव आठवलं होतं. मी महिन्यापूर्वी चोरून पुन्हा अर्ज केला होता, तुमच्या मुलाने या वेळी मान हलवली होती, आणि तुम्ही माझं मन कुठे आहे ते माझ्या वतीने सांगून मोकळे झालात. मी बाहेर येऊन विचारलं, "कुणाचा फोन?" तुम्ही म्हणालात, "राँग नंबर."

दुसऱ्या दिवशी तुमच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढला. डॉक्टरांनी वाकायचं नाही, बारीक बघायचं नाही असं बजावलं होतं. म्हणजे टाकी आता पूर्णपणे माझ्या शब्दावर होती. आणि मी तपासायचं बंद केलं. दिवसातून चार वेळा तुमच्या डोळ्यांत औषध घातलं, थेंब मोजून, घड्याळ बघून, त्यात एकदाही चुकले नाही. पण सकाळी सातला फ्रिजवरच्या कागदावर मनाला येईल तो आकडा लिहायचा आणि तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा. आठ पूर्णांक चार. आठ पूर्णांक पाच. आकडे इतके छान होते की ओतायची गरजच नव्हती. तुम्ही खूश होतात. न तपासता उभं राहायला, नुसतं तोंडाने आकडा म्हणायला मला किती बरं वाटायचं ते तुम्हाला कसं सांगू! तुम्ही एका फोनवर माझं जे केलंत, तेच मी दोन शब्दांत तुमचं करत होते.

दहाव्या दिवशी प्रवाळ बुडाकडून पांढरं पडायला लागलं. बाराव्या दिवशी त्याची कातडी पाण्यात सुटून तरंगत होती. तुम्ही चष्मा काढून, मी नको म्हणत असताना, टाकीसमोर फरशीवर बसलात. "आकडं बरोबर व्हते ना?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "हो मामा, बरोबर होते." तुम्ही काचेवर हात ठेवलात. मग म्हणालात, "मंग मीच मारला त्याला. परवा दुपारी तू झोपलेली, मना राहवला न्हाय, मी आंधल्यावानी बाटली घेतली, झाकनभर वतली. भलतीच असंल." तुम्ही ओतल्याचं मला माहीतच नव्हतं. त्या एका झाकणभर औषधाने काहीही होणार नव्हतं. हे मी तुम्हाला त्याच क्षणी सांगू शकत होते. मी फडकं आणायला आत गेले.

त्यानंतर तुम्ही टाकीला हात लावला नाहीत. पुढची तीन वर्षं, जाईपर्यंत, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो पांढरा सांगाडा दाखवून म्हणायचात, "माझे हातान मेला तो." आणि मी पाण्याचे ग्लास घेऊन उभी असायचे आणि माझ्या पोटात गार गार वाटायचं. माझी चूक नसताना तुम्ही चार वर्षं माझं हसं केलंत, तुमची चूक नसताना मी तुम्हाला तीन वर्षं मान खाली घालायला लावली. एका वर्षाचा फरक माझ्या मनात अजून खुपतो. तुमचं तेरावं झालं आणि पंधराव्या दिवशी मी लॅबमध्ये अर्ज नेऊन दिला, स्वतःच्या हाताने, फोनबिन नाही. आज तिथे माझ्या सहीशिवाय एकही रिपोर्ट बाहेर जात नाही. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते की न तपासता आकडा लिहिणं ही या धंद्यातली एकमेव गोष्ट आहे जिला माफी नाही. आणि तुमची टाकी? बघायला हवी होतीत. रविवारी सकाळी एकदा तपासते, खिडकीपाशी. प्रवाळं वाढून काचेला टेकली आहेत. तुमच्या हयातीत कधी नव्हती इतकी ती आज चांगली आहेत, आणि हे मी मुद्दाम लिहिते आहे.

हे लिहून झालं की मी फाडून टाकणार आहे. तुमच्या फोटोमागे वगैरे खोचणार नाही, तेवढा मान मला तुम्हाला द्यायचा नाही. पण फाडायच्या आधी एक दुरुस्ती करायला हवी. मी तपासायचं बंद केलं असं वर लिहिलं, आणि इतकी वर्षं स्वतःलाही तसंच सांगत आले. रागाच्या भरात दुर्लक्ष झालं, असं. ते पूर्ण खरं नाही. सातव्या दिवशी सकाळी मी तपासलं होतं. का, ते माहीत नाही, हाताला सवय असावी. निळ्याचं गुलाबी फार लवकर झालं. आकडा साडेपाच. विश्वास बसेना म्हणून खिडकीपाशी जाऊन पुन्हा केलं, तेवढंच आलं. प्रवाळ तेव्हा अजून सगळं जांभळं होतं. त्या दिवसापासून थोडं थोडं ओतत आणलं असतं तर वाचलं असतं, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. तुम्ही काळा चष्मा लावून सोफ्यावर बसला होतात. "किती आला?" विचारलंत. मी म्हटलं, "आठ पूर्णांक चार, मामा." तुम्ही मान मागे टेकवलीत आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला म्हणालात, "तू हाईस म्हनून बरा हाय." ते ऐकूनही मी आकडा बदलला नाही.