हुई जाई

आबा,

परवा डॉक्टरने विचारलं, घरात कुणाला हार्टचा त्रास होता का? मी म्हटलं, वडिलांना होता, कामावरच गेले, लूमसमोर उभ्या उभ्या. तो म्हणाला, मग काम कमी करा, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. मी मान डोलावली. तुम्ही गेलात त्या वयाला आता मी पोचलेय आणि माझ्या पर्समध्ये बीपीच्या गोळ्या आहेत. म्हणून आज तुमच्यावर राग काढायला बसलेय. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणते माय. म्हणू दे.

सुरतेत बमरोलीचं ते लूमचं खातं, कापड विणायचा तो कारखाना, मला अजून कानात ऐकू येतं. डबा घेऊन यायचे तेव्हा खडखडाटात काही ऐकू जायचं नाही, तुम्ही नुसते माझे ओठ बघून बोलायचात. शेजारच्या रांगेवर ते काका, आपल्याच धुळ्याकडचे. तुम्हा दोघांचं ठरलेलं होतं, एक गावाला गेला की दुसऱ्याने त्याचे लूम सांभाळायचे, म्हणजे सेठ नवा माणूस उभा करणार नाही आणि परत आल्यावर जागा शाबूत राहील. ऐकायला काय गोड! पण दोघांच्याही हातात आधीच झेपतील तेवढे लूम होते, हे कोणी तोंडातून काढायचं नाही. काकांची आई वारली, ते गावी गेले. सेठने तुम्हाला विचारलं, जमेल का? तुम्ही म्हणालात, "हुई जाई." सेठ पक्का सुरती, पण आपल्या बोलीतलं तुमचं हुई जाई, होऊन जाईल, त्यालाही पाठ झालं होतं.

अजून दिसतं, नवागामच्या आपल्या खोलीत माय भाकरी थापता थापता तुमच्यावर ओरडतेय, "कसं हुई जाई? तुमले दोनच हात शेतस ना!" तुम्ही हसताय. "हुई जाई वं." उन्हाळ्याचे दिवस, खात्यावर पत्रा, आत कापसाची भुकटी, आणि तुम्ही दोन रांगांच्या मधून धावताय, इकडचा धागा तुटला की इकडे, तिकडचा तुटला की तिकडे. काका आईचे दिवस उरकून यायच्या आतच तुम्ही पडलात. सेठ येऊन म्हणाला, माणूस सोन्यासारखा होता. आणि दुसऱ्याच सकाळी तुमच्या आणि काकांच्या लूमवर दोन माणसं उभी केली. दोन, आबा! म्हणजे माणसं मिळत होती. तुम्ही नाही म्हणाला असतात तर आदल्या आठवड्यातच मिळाली असती.

माझं काम तुम्ही पाहिलं नाहीत म्हणून सांगते. इस्पितळं, कारखाने, जिथे जिथे सर्व्हर असतात, म्हणजे सगळा हिशेब नि कागद सांभाळणारी यंत्रं, तिथे लाइट गेली तरी ती चालू राहतील अशी सोय मी करून देते. त्या यंत्राला वीज घ्यायला दोन तोंडं असतात. एक वायर एका यूपीएसला, म्हणजे लाइट गेली की बॅटरीवर वीज देणाऱ्या पेटीला, दुसरी दुसऱ्याला. दोन्ही यूपीएस धड असले की भार निम्मा निम्मा. एक मेला की सगळा दुसऱ्यावर. म्हणून दोघांपैकी कुणालाही अर्ध्याच्या वर जुंपायचं नसतं. पण माणसं काय करतात? दोन्हीवर जागा दिसते, म्हणून त्यावर कॅमेरे चढवतात, बिलिंगचे कॉम्प्युटर चढवतात, साहेबांच्या केबिनचा टीव्हीसुद्धा.

आज रविवार, तरी दुपारी कतारगामच्या एका इस्पितळात होते. वायरिंगचा ठेकेदार वयस्क माणूस, मला म्हणाला, "थई जशे, बेन. बन्ने पर जग्या छे." थई जशे! तेच हुई जाई, गुजरातीतलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, होईल की नाही ते आत्ता बघू. वॉर्डात सगळ्यांना सांगून ठेवलं आणि सर्व्हरच्या खोलीची बाहेरून येणारी लाइट तोडली. दोन्ही यूपीएस बॅटरीवर आले, सगळं ठीक. मग मी पहिला बंद केला. दुसरा कोकलायला लागला, थोडा वेळ कोकलला आणि बसला. यंत्रांचे पंखे थांबले. खोलीत अशी शांतता पसरली की मला तुमचं खातं आठवलं. तुम्ही पडल्यावर लूम बंद केले होते तेव्हाची शांतता. मी डबा घेऊन दारात उभी होते.

ठेकेदार म्हणाला, "पण बेन, एक बंद थाय ज नहीं ने!" एक बंद पडणारच नाही म्हणे. मी म्हटलं, "भाई, माणसाची आई मरते." त्याला काही कळलं नाही. मी उभी राहून एकेक फालतू वायर काढायला लावली. टीव्ही पहिला गेला. पुन्हा लाइट तोडली, पुन्हा पहिला बंद केला. दुसऱ्याने सगळा भार गुपचूप उचलला. मला इतकं बरं वाटलं की जिन्यात बसून रडले. तुमच्यासाठी एवढं कोणी केलं नाही म्हणून रडले.

घरी आले. माय चुलीशी, हल्ली गॅस आहे पण ती चूलच म्हणते. आमच्या कंपनीच्या सरांचा फोन आला. पांडेसऱ्याकडची कामं बघणारा आमचा माणूस नोकरी सोडून गेला होता. "नवीन कोणी मिळेपर्यंत त्याच्या साइट तू सांभाळशील ना? तुझ्याकडे तसंही जास्त काही नाही." मी तोंड उघडलं ते नाही म्हणायलाच, तुमची शपथ. आणि बाहेर आलं, "हुई जाई." सर म्हणाले, "शुं?" मी म्हटलं, "थई जशे, सर."

मायचा भाकरीवरचा हात थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बापना मायकच बोलनी." तुमच्यासारखीच बोलले म्हणे. तव्यावरची भाकरी करपली, तिने उलटली नाही. जेवताना ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती.

हे पत्र कुठे पाठवणार? घडी करून ठेवून देईन. मायला सांगितलंय, फोन करून सरांना नाही म्हटलं. तेव्हा कुठे ती झोपली. म्हटलेलं नाही, आबा.