भुताची सावली खोडू नकोस

दादा,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. खरंच वाकले, कारण पेन खाली पडलं होतं.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे वेळ मिळाला की होतं. वहिनी तुझ्या डोळ्यांत थेंब घालते ना? की अजून पळतोस?

आपल्या कॉमिकमधलं झपाटलेलं घराणं टीव्हीवर आणायला आम्ही सहा जण रोज एका टेबलाभोवती भांडतो. काल दिग्दर्शिकेने तू काढलेलं चौदावं पान मोठं करून भिंतीवर लावलं आणि विचारलं, "आजोबा भूत आहेत ना? मग त्यांची सावली कशी पडते?"

मी पेन्सिलीला टोक करत बसले. बाकीच्यांना मात्र चेवच चढला! संध्याकाळपर्यंत ठरलंसुद्धा की आजोबा मेलेलेच नाहीत, घरातलंच कुणीतरी खोटं बोलतंय. अख्ख्या मालिकेचं रहस्य आता तुझ्या चुकीवर उभं आहे. आणि तू लिहितोस, नव्या आवृत्तीत सावली खोडणार! खबरदार.

ती चूक कशी झाली, ते मी कुणाला सांगितलं नाही. भूत काढायला तू बाबांनाच खिडकीपाशी बसवलं होतंस. "आटप रे, भुताचा चहा निवतोय," म्हणत होते. तू दिसलं तसं काढलंस.

बाबा गेल्यापासून मी ते पान उघडलं नव्हतं. काल दिवसभर ते समोर होतं, आणि पाच जण मला पटवत होते की हा माणूस जिवंत आहे. मी कशाला नाही म्हणू?

तुमचं शेंडेफळ