बाळाला उताणं झोपवा

६ ऑक्टोबर, सोमवार

पासवर्ड एक्स्पायर! रजेनंतर पहिला दिवस आणि हॉस्पिटल मला ओळखायलाच तयार नाही. आयटीवाल्याने जेवणाच्या सुमारास एकदाचं आत घेतलं. बघते तर इनबॉक्समध्ये 'अपडेटेड गाइडलाइन'ची रांग लागलेली. नवजात बाळांच्या काविळीचा तक्ता नवा. तापाच्या बाळांचा नवा. आधी ज्याला सर्रास सलाइन लावायचो, त्याला आता थांबून बघा म्हणतात. बाळंतपणाची रजाच घेतली होती ना मी? की दहा वर्षं झोपले होते?

पंपिंगच्या खोलीत बसून एका हाताने पंप धरला, दुसऱ्या हाताने वाचत राहिले. दूध कमी आलं. डोक्यातही फार काही गेलं नाही.

डॉ. मग्वायर, आम्हा ज्युनिअर डॉक्टरांच्या वरिष्ठ, म्हणजे कन्सल्टंट, कॉरिडॉरमध्ये भेटल्या. बाळ-बाळंतीण घरी जाताना देतो ते सुरक्षित झोपेचं पत्रक जुनं झालंय, ते तू नव्याने लिही, म्हणाल्या. "तू स्वतः आई आहेस आता. यू'ल बी ग्रँड." ग्रँड म्हणजे इकडच्या बोलीत 'मस्त जमेल'.

घरी आले तर लेक, शर्वाणी, माझ्या आईच्या मांडीवर. मला बघून हसली. सगळा दिवस वसूल.

८ ऑक्टोबर, बुधवार

आईशी कडाक्याचं भांडण. मोहरीच्या उशीवरून!

आईने बार्शीहून इकडे परदेशी येताना मोहरी भरलेली छोटी उशी शिवून आणली आहे. डोकं गोल व्हावं म्हणून. मी येते तर शर्वाणी कॉटमध्ये, खाली ती उशी, कडेला दुपट्याची गुंडाळी. मी सगळं उचलून बाहेर ठेवलं. सपाट गादी, उताणं बाळ, बाकी काही नाही— हेच तर मी दिवसभर लोकांना सांगते.

"तुला मी अशाच उशीवर वाढवलं. काय वाकडं झालं तुझं?"

"आई, आता हे करत नाहीत."

"तुमची पुस्तकं दर वर्षी बदलतात. बाळं बदलतात का?"

ह्यावर मी ओरडले. मग जावई म्हणून प्रसन्न मध्ये पडला, मग आम्ही दोघी त्याच्यावर ओरडलो. तो बिचारा डंडॉकच्या ऑफिसातून नुकता परतला होता. मोटरवेवर ट्रॅफिक.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

शेजारच्या नूला आल्या होत्या, घरी भाजलेला ब्राउन ब्रेड घेऊन. आम्ही क्लोनडॉकिनमध्ये राहायला आलो तेव्हा दारावर पहिली थाप त्यांची होती. साठी उलटलेली, एकट्या, शिडशिडीत. आई आल्यापासून रोज येतात. आईचं इंग्रजी आठवीपर्यंतचं, नूलांना मराठी शून्य, तरी तासभर बोलतात दोघी! आई त्यांना 'नूलाताई' म्हणते. एक मात्र मी पाहिलं होतं. शर्वाणी जागी असली की नूला तिला खेळवतात. झोपली की उठून दुसऱ्या खोलीत जातात. मला वाटायचं, उठेल म्हणून.

आज मी वर कपड्यांच्या घड्या करत होते. शर्वाणीला गॅस झाले होते, म्हणून आईने तिला सोफ्यावर पालथं टाकलं. तिचा तसाच डोळा लागला. आई चहा टाकायला गेली. नूला पुढच्या दारातून आत आल्या आणि त्यांना ते दिसलं.

मला फक्त किंकाळी ऐकू आली. धावत खाली आले. शर्वाणी नूलांच्या हातात, जोरजोरात रडत होती. नूला तिच्या चेहऱ्याकडे बघत पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "शी इज ब्रीदिंग, शी इज ब्रीदिंग." आई दारात, हातात चहाचं गाळणं.

मी बाळाला घेतलं. नूला खाली बसल्या. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

मग बोलल्या. डेक्लन. त्यांचा मुलगा. एकुलता. सत्त्याऐंशी सालचा हिवाळा. चौथा महिना लागला होता. रात्री दूध पाजून झोपवला, पालथा. सकाळी उठवायला गेल्या.

"पोटावर झोपवायचं, असंच होतं तेव्हा," म्हणाल्या. "उताणं झोपवलं तर ओकारी घशात अडकेल. दॅट वॉज द ॲडव्हाइस."

आईने विचारलं, काय म्हणतात गं? मी सांगितलं.

"पालथं झोपवायला कुणी सांगितलं होतं त्यांना?"

"नर्सने, डॉक्टरांनी. तेव्हा इकडे सगळीकडे तसंच सांगायचे."

आई नूलांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली. गुडघे दुखतात तिचे, तरी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मोहरीची उशी दिसत नाही कुठे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवत होते. नूला त्यांच्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, "एक विचारू का, लव्ह? तू त्यातली आहेस म्हणून."

"विचारा ना."

"ते पालथं झोपवणं चूक आहे हे तुम्हा लोकांना कधी कळलं?"

तुम्हा लोकांना! माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण पांढरा कोट घातला की मागच्या सगळ्यांचंही अंगावर येतं. बघून सांगते, म्हणाले.

बघितलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

मला वाटत होतं उत्तर सोपं असेल. नव्वदीच्या सुरुवातीला संशोधन झालं, लगेच 'उताणं झोपवा' अशी मोहीम निघाली, झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आम्हाला असंच शिकवलं होतं. पण नंतर कुणीतरी जुने सगळे अभ्यास एकत्र करून पुन्हा मोजले. पालथं झोपवण्यात धोका आहे, हे सत्तर सालापर्यंतच्या आकड्यांतच दिसत होतं. सुटे सुटे पडले होते. कुणी जोडून पाहिले नाहीत. मधली वीसेक वर्षं दवाखाने, पुस्तकं, सगळे पालथंच सांगत राहिले.

डेक्लन त्या मधल्या वर्षांतला.

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रसन्न म्हणतो, सांगू नकोस. "काय मिळणार त्यांना? नव्वद साली कळलं, म्हण. खोटं पण नाही ते."

खोटं नाहीये. खरंही नाहीये.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. नूलांना बोलावलं होतं. हिरवा स्वेटर घालून आल्या. आईने त्यांना कुंकू लावलं. चकली खूप आवडली, चार खाल्ल्या. जाताना दारात माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. वाट बघत होत्या. मी म्हणाले, कामात वेळच नाही मिळाला.

"नॉट अ बॉदर, काही हरकत नाही," म्हणाल्या.

लाज वाटली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

डॉ. मग्वायरना विचारलं, अशा आईला तुम्ही काय सांगाल? त्या जिना उतरत होत्या, थांबल्या. "आम्हाला जे माहीत होतं त्यात आम्ही आमच्याकडून सगळं केलं, असं सांगते." मी म्हटलं, माहिती तर होती ना. त्या कठड्याला टेकल्या. "माहिती होती आणि माहीत नव्हतं. दोन्ही खरं आहे. पण हे वाक्य एखाद्या आईला कसं सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही."

थट्टेने नाही म्हणाल्या. पहिल्यांदा म्हाताऱ्या वाटल्या.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं.

त्यांच्याच घरी गेले, एकटी. किचनमध्ये बसलो. त्यांनी चहा केला. मी आधी मोहिमेचं सांगितलं, ते सोपं होतं. मग म्हणाले, पण नूला, त्याआधीही कळू शकलं असतं. आकडे होते. कुणी एकत्र ठेवून पाहिले नाहीत.

"कधीपासून?"

"सत्तर सालापासून."

त्यांनी कप खाली ठेवला. "सत्तर साली मी शाळेत होते," म्हणाल्या. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.

"म्हणजे डेक्लनच्या वेळी..."

"हो."

"आणि नंतरही. नंतरही काही वर्षं तेच चालू होतं."

"हो."

मला वाटलं रडतील, चिडतील, मला हाकलतील. त्यांनी दोन्ही कप धुतले, पुसले, प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, ठेवले. माझा अजून अर्धा भरलेला होता.

"थँक यू, लव्ह. आता तू जा."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

नूला आल्या नाहीत. कालही नाही, परवाही नाही. पडदे ओढलेले, दिवा मात्र लागतो. आई दोनदा बेल वाजवून आली. दार उघडलं नाही. बाहेर पायरीवर थालीपीठं ठेवून आली. डबा संध्याकाळी आत गेला.

आई माझ्यावर धुमसते आहे. "खरं सांगायचं म्हणजे माणसाच्या डोक्यात दगड घालायचा का? एवढी वर्षं गेली होती. काय नडलं होतं?"

"त्यांनी विचारलं होतं, आई."

"मी पण विचारते पुष्कळ. मला कुठे सगळं सांगतेस?"

खरंय. पण मग मी काय करायचं होतं? वॉर्डात बरं असतं. तिथे जुनं पान काढायचं, नवं लावायचं. जुन्या पानावर विश्वास ठेवून घरी गेलेली माणसं तिथे दिसत नाहीत.

३० ऑक्टोबर, गुरुवार

पत्रक दिलं. बाळाला प्रत्येक वेळी उताणं झोपवा. सपाट, टणक गादी. उशी नको. शेवटी मी माझं एक वाक्य घातलं होतं— हा सल्ला बदलला, तर आम्ही तुम्हाला कळवू.

डॉ. मग्वायरनी तेवढंच खोडलं.

"कोण कळवणार? घरी गेलेल्या प्रत्येक आईला फोन करणार आहेस?"

"कुणीतरी करायला नको?"

"नको असं नाही म्हणत मी. करू शकत नाही ते लिहू नकोस, एवढंच."

मी वाद घातला. आयुष्यात पहिल्यांदा कन्सल्टंटशी! आवाज चढला माझा. नर्सिंग स्टेशनवरचे बघायला लागले. शेवटी तडजोड झाली: 'हा सल्ला पूर्वी वेगळा होता. घरातल्या मोठ्यांनी तेव्हाच्या सल्ल्याप्रमाणेच बाळं वाढवली. शंका असेल तर आम्हाला विचारा.'

आईला मराठीत वाचून दाखवलं. 'घरातल्या मोठ्यांनी' पाशी तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "हे बरं लिहिलंस." भांडण मिटलं बहुतेक.

नूला नाहीतच.

२ नोव्हेंबर, रविवार

नूला आल्या. शर्वाणी कॉटमध्ये झोपली होती, उताणी. आज त्या खोलीबाहेर गेल्या नाहीत. कॉटपाशी उभं राहून बोलल्या, माझ्याकडे न बघता.

त्या नर्स होत्या. ह्याच भागात घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणींना भेटायच्या. पोटावर झोपवा, हे सांगणं त्यांचंच काम होतं. डेक्लनला पुरून आल्यावर महिन्याभराने कामावर रुजू झाल्या, आणि बदललेला सल्ला हातात येईपर्यंत प्रत्येक घरी तेच सांगत राहिल्या.

"मला आतून वाटायचं, चूक आहे. पण मी कोण? दुःखाने डोकं फिरलेली आई. कागदावर तर तेच होतं."

उद्यापासून त्या तेव्हाच्या घरांचं एकेक दार वाजवून तो सल्ला चूक होता हे सांगणार आहेत. कोण अजून तिथे राहतं, कोणाचं बाळ गेलं होतं, सगळं त्यांना पाठ आहे. तू बरोबर येशील का, विचारलं.

हो म्हणाले.