ब्रिटाच्या मधल्या पुस्तकाला आमच्या चर्चचे तीन-तीन तारे

इंगाताईला मिनेसोटाच्या बर्फाखालून धाकट्या बोर्गहिल्डचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाचं ऊन त्याला मानवत असेल. इथे आम्हा सगळ्यांची तब्येत उत्तम आहे, म्हणजे कुणी तक्रार करत नाही, आणि तक्रार न करण्यालाच इथे तब्येत म्हणतात हे तुला सांगायला नको. (माझा डावा खांदा थँक्सगिव्हिंगपासून वर जात नाही. पण वरच्या फळीवर आता माझं काही ठेवलेलंही नाही.) तुझ्या फिरत्या घरांच्या वसाहतीतले फोटो पोचले. फेब्रुवारीत तलावाकाठी बसून संत्रं खातेस, छान आहे. संत्रंही दिसतं, तुझे पायही दिसतात. दोन्ही दाखवायची गरज होती असं नाही.

पत्राला कारण म्हणजे माझी नात ब्रिटा. ती अवकाशातल्या गोष्टी लिहिते हे तुला ठाऊक आहेच. तीन पुस्तकांची मिळून एकच गोष्ट आहे. पहिलं पुस्तक आलं तेव्हा आपल्या नात्यातल्या सगळ्यांनी ते विकत घेतलं आणि काहींनी वाचलं. आता दुसरं आलंय. गव्हाने भरलेलं एक भलंमोठं जहाज या ग्रहावरून त्या ग्रहावर निघालंय. पहिल्या पुस्तकात ते सुटतं, तिसऱ्यात पोचणार आहे, आणि या मधल्यात ते वाटेत आहे. वाटेत माणसं जे करतात तेच जहाजावरची माणसं करतात: भांडतात, खातात, एकमेकांच्या बायकांकडे बघतात. मी सहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे ओळीखाली बोट धरून वाचावं लागतं, पण दोन्ही पुस्तकं मी शेवटच्या पानापर्यंत वाचली. (हिवाळा आहे. दुसरं काय करणार?)

तर अडचण अशी. मिनियापोलिसच्या प्रकाशकाने ब्रिटाला कळवलंय की तिसरं पुस्तक छापायचं की नाही ते ईस्टरनंतर ठरेल, आणि ते मधल्या पुस्तकाबद्दल वाचक काय म्हणतात त्यावर ठरेल. हे वाचक आपलं म्हणणं कॉम्प्युटरवर लिहितात आणि सोबत तारे देतात, जास्तीत जास्त पाच. आता या पोरीने तिसऱ्या पुस्तकासाठी शाळेतली नोकरी सोडलीय आणि माझ्या वरच्या खोलीत येऊन राहिलीय. अर्धं लिहून झालंय. रोज सकाळी दात घासायच्या आधी ती लोकांची मतं बघते आणि मग न्याहारीला हात लावत नाही. मी केलेले पॅनकेक बाहेर पक्ष्यांना जातात. आमच्या अंगणातले पक्षी आता उडत नाहीत, चालतात.

शेवटी मीच तिचा फोन घेऊन चष्मा लावून बसले.

"आजी, तू नको बघूस ती मतं."

"तू बघतेस ना?"

"माझं पुस्तक आहे."

"आणि इंटरनेट माझं आहे. सरक."

इंगाताई, या जगात इतके न्यायाधीश मोकळे फिरतायत याची मला कल्पना नव्हती. बहुतेकांनी चार तारे दिले होते, पण ब्रिटाला उरलेलेच दिसायचे. टेक्ससचा एक माणूस म्हणतो की अवकाशात आवाज ऐकू येत नाही, म्हणून दोन तारे. (तो स्वतः कधी टेक्ससच्या बाहेर गेला असेल असं त्याच्या लिहिण्यावरून वाटत नाही.) एका बाईने लिहिलंय, पुस्तक अप्रतिम पण पार्सलचा कोपरा दुमडलेला होता, एक तारा. जणू ब्रिटा माझ्या वरच्या खोलीत बसून कोपरेच दुमडत असते. एकाने लिहिलंय, अजून वाचलं नाही, पण वाचणार आहे, तीन तारे. हा माणूस लग्नाला न जाताच जेवण अळणी होतं म्हणून सांगत असणार. आणि एका विद्वानाने भला मोठा निबंध लिहिलाय, की या पुस्तकाला धड सुरुवात नाही आणि शेवटही नाही. अरे बाबा, मधलं आहे ते! आपला भाऊ आर्ने मधला होता, त्याला कुणी विचारलं होतं का, तुझी सुरुवात कुठाय म्हणून? (त्याचा लहानपणीचा एकही फोटो घरात नाही हे खरं, पण ते त्याचं काही चुकलं म्हणून नव्हे.)

एका बाबतीत मात्र या सगळ्यांचं एकमत आहे. जहाजावर ग्रिम्सा नावाची एक म्हातारी आहे, कोठी सांभाळते. कमरेला किल्ल्या, तोंडाने फटकळ, बिस्किटं मोजून देते, कुणी खोलीतून बाहेर पडलं की मागे जाऊन दिवा बंद करते. पुस्तकाच्या शेवटी कुणीतरी तिला जहाजाबाहेर ठेवून दार लावतं, तिच्या नळीत थोडीशीच हवा उरलेली असते, आणि तिथेच पुस्तक संपतं. वाचकांना याचा कोण आनंद! मेली एकदाची, म्हणतात. मला विचारशील तर त्या अख्ख्या जहाजात अक्कल असलेली ती एकटीच. बाकीच्यांना दिवा बंद करायला दोन्ही पुस्तकांत सुचलेलं नाही.

तर मग आपल्याकडे कुणाचा गोठा जळाला की जे करतात तेच मी केलं. चर्चच्या तळघरात गेले. मंगळवारी बायका तिथे गोधड्या शिवायला जमतात, आणि कॉफीच्या मोठ्या पिंपाचा नळ अजून लव्हर्नच्याच ताब्यात असतो, म्हणजे चर्चही तिच्याच ताब्यात असतं. मी सांगितलं, ब्रिटाला मतं हवी आहेत, आणि ती ईस्टरच्या आत हवीत. पुस्तक सगळ्यांनी वाचलं होतं. फार आवडलं होतं. कसं कळलं विचारशील, तर लव्हर्न "वाईट नव्हतं" असं दोनदा म्हणाली. तिने नवऱ्याबद्दल हे अख्ख्या संसारात एकदाच म्हटलं, आणि तेही त्याला पुरून आल्यावर. ऑर्व्हिल, तो धान्याच्या कोठाराचा जुना व्यवस्थापक, बायकांच्या कॉफीला येऊन बसतो, तो तर ग्रिम्साच्या काळजीने दोन दिवस जेवला नव्हता. (म्हणजे बटाटे-मांसाची हॉटडिश दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.) पास्टरचा कॉम्प्युटर मधोमध ठेवला आणि एकेकीने हात पुसून, खुर्ची पुढे ओढून, दोन बोटांनी मत टाइप केलं. मला वाटलं, झालं काम. घरी येऊन मी पॅनकेकचं पीठ जास्तच भिजवलं.

सकाळी ब्रिटा जिना उतरून आली तेव्हा तिचा चेहरा त्या पिठाच्याच रंगाचा होता. आमच्या चर्चने, सगळ्यांनी, एकजात तीन तारे दिले होते. लव्हर्न: "वाईट नाही." तिची बहीण: "याहून वाईट वाचलं आहे." ऑर्व्हिल: "इंजिन इतकं चालतं, पण त्यात तेल कधी बदलतात ते दिलेलं नाही. बाकी ठीक. तक्रार नाही." अगं, तुला कळतंय ना? हा जयजयकार होता! एकीनेही "वेगळं आहे" असं लिहिलं नव्हतं, जे आपण कुत्र्यानेही न खाल्लेल्या पदार्थाबद्दल म्हणतो. पण टेक्ससला ही भाषा येत नाही, आणि कॉम्प्युटरला त्याहून येत नाही. जे त्या दुमडलेल्या कोपऱ्यालाही जमलं नव्हतं, ते आमच्या गोधडीवाल्यांनी एका दुपारी करून दाखवलं. ताऱ्यांची सरासरी इतकी खाली आली, की दुपारी प्रकाशकाकडच्या बाईंचाच फोन. त्या मूळच्या कॅलिफोर्नियाच्या. ब्रिटाला विचारत होत्या, तुझं गावात कुणाशी वैर आहे का?

फोन मी घेतला. म्हटलं, बाई, आमच्याकडे तीन म्हणजे डोक्यावर घेऊन नाचणं.

"मग पाच म्हणजे काय?"

"पाच कुणी दिलेले मी पाहिलेले नाहीत."

त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, कागदावर तीन ते तीनच दिसतात, आणि कागद बघणारे साहेब मिनेसोटाचे नाहीत.

मी परत तळघरात. या वेळी कोट न काढताच बोलले.

"लव्हर्न, पाच दे."

"पाच? अगं, पाच दिल्यावर ब्रिटाला काय वाटेल?"

"आनंद होईल."

"तेच म्हणतेय मी. शेफारेल."

"ती वर बसून रडतेय!"

"रडतेय ना? म्हणजे अजून जमिनीवर आहे. कॉफी घे."

"नको."

"घे गं."

"नको, खरंच."

"अर्धा कप."

घेतली. तिसऱ्यांदा विचारल्यावर घ्यावीच लागते, भांडण चालू असलं म्हणून काय झालं. मग सगळ्या म्हणाल्या, पाच द्यायला आमची ना नाही, पण आधी कुणी तरी द्यावेत. ताटातल्या लिंबाच्या वडीचा शेवटचा तुकडा कोण उचलणार, तसला प्रकार. त्या तुकड्याचं आपल्याकडे काय होतं ते तू जाणतेस: कुणी अर्धा करतं, कुणी अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी ताट धुताना चुरा निघतो, पण पोटात कुणाच्या जात नाही. तासभर त्या एकमेकींना "तू आधी, तू आधी" म्हणत बसल्या. शेवटी ऑर्व्हिल उठला, लाल झाला, आणि त्याने पाच दिले. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. (आमच्यात एवढं म्हणजे फार झालं, लोक दुसरीकडे बघू लागले.) पण रविवारी प्रार्थनेनंतर सगळे त्याच्याकडे असे बघत होते, जणू तो नव्या लाल मोटारीतून आलाय. घरी जाऊन त्याने खाली लिहिलं: "पाच जरा भरात पडले. आता शांत आहे." आणि चारावर आणले.

तर असं आहे. ब्रिटा वर बसलीय, लिहीत नाही. मी जिन्यात उभी राहून ऐकते, टाइप करण्याचा आवाज येत नाही. ईस्टर जवळ येतोय. बाकी सगळं ठीक. तक्रार नाही. गुडघ्याला शेक देत जा, आणि कृपा करून पुढच्या फोटोत काहीतरी पांघर.

तुझी,
बोर्गहिल्ड

ता. क. तुझ्या वसाहतीतले लोक उठसूट सगळ्याचं कौतुक करतात असं तूच लिहिलं होतंस. कुणी तलावात नुसती उडी मारली तरी टाळ्या पडतात म्हणे. त्यांच्यातल्या दहा-बाराजणांना पुस्तक वाचायला दे. वाचून झालं की तारे त्यांचे त्यांनाच ठरवू दे, तू मध्ये बोलू नकोस.

ता. क. २. आता खरं काम. "वाळवंटातली एक निराश वाचक" या नावाने जो एक तारा पडलाय, तो तू काढ. घरच्यांनी मत द्यायचं नसतं असा तिथला नियम आहे. ते तूच लिहिलंयस हे मला पहिल्या ओळीला कळलं. त्यात म्हटलंय, ग्रिम्साचं वर्णन धादांत खोटं आहे, प्रत्यक्षात तिची कंबर एवढी रुंद नाही, आणि भाचीच्या लग्नात तिने साखर मोजून दिली नव्हती. इंगाताई, पुस्तकात लग्नही नाही आणि साखरही नाही. टेक्ससवाल्याला त्या लग्नाचं आमंत्रण नव्हतं.

ता. क. ३. आणि एवढं रागवायचं कारणही नाही, कारण ग्रिम्सा तू नाहीस. मी आहे. काल मी ब्रिटाला सरळ विचारलं. ती आधी लाल झाली, मग म्हणाली, "आजी, प्लीज रागावू नकोस." मी कशाला रागावू? एवढ्या मोठ्या जहाजाच्या किल्ल्या मला आजवर कुणी दिल्या होत्या? फक्त विचारलं, तिसऱ्या पुस्तकात मी आत येते की बाहेरच मरते? म्हणाली, ते अजून लिहायचंच राहिलंय, आणि पुस्तक छापणार असतील तरच लिहीन. तेव्हा तो तारा आजच काढ. मेले तर मेले, पण माझ्या वयाच्या बाईला असं अर्धवट दाराबाहेर ठेवून तू तिकडे संत्री खात बसावंस, हे काही बरं दिसत नाही.