हयात मामलेदारांची शोकसभा

मुक्काम ठाणे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १८८५

तीर्थस्वरूप हरिहरपंत भावोजींचे चरणी बालक मोरेश्वराचे दंडवत. येथे सर्व कुशल, म्हणजे निवडणूक सोडून सर्व. आपला दमा आणि बायजाताईचे गुडघे कसे आहेत ते कळवावे.

कल्याणास येऊन आपल्या वाचनालयात भाषण करावे आणि मासिकासाठी 'चित्ताची एकाग्रता' या विषयावर निबंध लिहावा, अशी आपली आज्ञा पोहोचली. भावोजी, दोन्ही जमणार नाही. म्युनिसिपालिटीची निवडणूक पंधरा दिवसांवर आली, मी उभा आहे, आणि उभ्या माणसाला सगळे गाव बोलायला बोलावते. (उभे राहायचे ते कशासाठी, असे चेंदणीच्या शेवंती कोळिणीने विचारले. "खुर्चीत बसण्यासाठी," म्हणालो. ती अजून हसते आहे.)

गेल्या रविवारी दोन सभा होत्या. चार वाजता निवृत्त मामलेदार टिपणीसांच्या साठीचा सत्कार, आणि सहाला नुकतेच वारलेल्या धोंडोपंत वैद्यांची शोकसभा. दोन भाषणे लिहून दोन खिशांत ठेवली. वाटेत तीन मतदार भेटले, आणि कोणता खिसा कुणाचा हे डोक्यातून पार गेले. सत्काराला उठलो आणि वैद्यांचे वाचू लागलो. 'यमाच्या दारातून यांनी शेकडो रोगी परत आणले' येथे मला शंका आली, कारण टिपणीसांनी उभ्या जन्मात कुणाला सुंठसुद्धा उगाळून दिलेली नाही. पण टाळ्या पडल्या. टाळ्या पडत असता माणसाने थांबावे कसे? 'यांची जागा दुसऱ्या कुणालाही भरून काढता येणार नाही' म्हणताच बायकांकडून हुंदके ऐकू आले. पुढे 'आत्म्यास शांती' दिसली, तेव्हा मात्र खोकला काढून खाली बसलो. (वैद्यांकडे गेलोच नाही. उरलेल्या कागदात 'आपण शतायुषी व्हावे' असे होते.)

टिपणीस गळ्यातल्या हारासकट डोळे पुसत आले. "मोरेश्वरराव, हे सगळे मी केले?"

आता काय सांगणार! "आपल्याला आठवत नसेल," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते घरी हजर. "माझी जागा दुसऱ्या कुणाला भरता येत नाही ना? मग मलाच बसले पाहिजे." असे म्हणून एक कागद पुढे केला. आभाराचा असेल समजून मी सही ठोकली. तो त्यांच्या उमेदवारीचा अर्ज होता, आणि पहिला शिफारसदार मी! दोघांचा वॉर्ड एकच, जागाही एकच. घरात सांगितले, तेव्हा कुटुंबाने एवढेच विचारले, "मग आता आपण कुणाच्या बाजूचे?" दोन दिवस झाले, उत्तर शोधतो आहे.

तेव्हा एकाग्रतेवर लिहिण्याजोगी माझी स्थिती नाही. लोभ आहेच, राग नसावा.

आपला गोंधळलेला
मोरेश्वर

ता. क. शुक्रवारी टिपणीसांची सभा आहे. तेच भाषण पुन्हा करा म्हणतात. नाही म्हणायला तोंड उघडले, निघाले हो.

आणखी ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतले ते राहिलेच. आपले थोरले बंधू आमच्या वॉर्डात राहतात, त्यांचे मत मिळवून द्यावे. कुणासाठी, ते मागाहून कळवतो. काल ते भाषण शांतपणे वाचून पाहिले. माणूस खरोखरच लायक वाटतो.