मागच्या खोलीतला स्टोव्ह

आत्या,

आज बांधकामाच्या परवानगीसाठी कौन्सिलमध्ये जाऊन आले. सासूबाई सांगलीहून कायमच्या येणार आहेत, त्यांच्यासाठी मागच्या गार्डनमध्ये एक खोली बांधावी असं चाललंय. काउंटरवरच्या बाईंनी सगळं समजावलं: भिंत कुंपणापासून किती लांब हवी, छप्पर किती उंच चालेल, ओल चढू नये म्हणून काय करायचं, ड्रेन जोडायलाच केवढा खर्च येतो. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "तिथे स्वयंपाक होणार का?" आणि मला वेम्बलीच्या घरामागच्या तुझ्या खोलीचं दार दिसलं.

आमच्या स्वयंपाकघरात अंडी-मटण शिजायचं, म्हणून बाबांनी तुला ती खोली बांधून दिली. हॉस्पिटलची ड्यूटी संपली की ते विटा रचायचे. शेजारचा म्हातारा कुंपणावरून ओरडायचा, "डॉक्टर, कबुतरं पाळणार का?" बाबा हसून म्हणायचे, "शेड आहे, शेड." शेडला परवानगी लागत नव्हती. माणूस राहतो, रांधतो ती खोली म्हणजे वेगळं घर, तिला लागायची, आणि मागितली तर मिळणार नाही हे बाबांना माहीत होतं. तू आत सोवळ्यात स्वयंपाक करायचीस. माझी शाळा अजून सुरू व्हायची होती. मी उंबऱ्याबाहेर बसून पाटीवर अक्षरं गिरवायचे. चुकलं की तू आतूनच म्हणायचीस, "पूस. मला दिसलं नाही तरी तुला ठाऊक आहे ना?"

मग एका सकाळी कौन्सिलचा माणूस येतो. बाबा सांगतात, कुंड्या आहेत, सायकली आहेत. तो मान डोलावतो, फाईल मिटतो, वळतो. तेवढ्यात तुझं दार उघडतं. हातात शिऱ्याची बशी. "अरे, दारात आलेल्या माणसाला असाच पाठवतोस? लाज आहे की नाही?" तो पायरीवर बसून सगळा शिरा खातो. वाफ येत असते अजून. "फारच छान," तो इंग्रजीत म्हणतो. "कुठे केला हा?" तुला त्याची भाषा कळत नाही, पण बशीकडे दाखवलेलं बोट कळतं. तू दार सताड उघडून त्याला घासून लख्ख केलेला स्टोव्ह दाखवतेस.

पंधरा दिवसांनी कौन्सिलची नोटीस आली. ती खोली नियमात बसवायची तर भिंती पाडून पुन्हा बांधाव्या लागल्या असत्या, आणि बाबांकडे होतं नव्हतं ते आधीच त्यात गेलं होतं. स्टोव्ह आणि नळ त्यांनी स्वतःच काढला. तुला सांगितलं, ओल फार आहे, तब्येतीला बरं नाही. तू वरच्या लहान खोलीत आलीस. आईने नवी पातेली आणली, ओटा पुन्हा पुन्हा धुतला. "वन्सं, निदान वरणभात तरी घ्या." "भूक नाही गं." दूध आणि केळी, बस्स. दुसऱ्या हिवाळ्यात तुला बाबांच्याच हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथून तू घरी आली नाहीस.

शेवटपर्यंत मला विचारायचीस, "तो साहेब परत नाही का गं आला? आवडला होता त्याला शिरा." मी म्हणायचे, "कामात असेल, आत्या."

काउंटरवरच्या बाईंना मी खरं सांगितलं: हो, होणार. त्या म्हणाल्या, मग अवघड आहे. घरी येऊन हा कागद घेतला तो तुलाही त्या ओलीचं खरं सांगायला. पण वाचून बघतेय तर वाटतं, तू समोर असतीस तरी हा दिला नसता. अजूनही म्हटलं असतं, कामात असेल.